माप माझं, हात तुझे

लविनाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, असं माझी बायको प्रमिला म्हणते. ते खरं नाही. मी पाच-सहा उत्तरं लिहिली. त्यातलं एकही पोस्टात गेलं नाही, एवढंच. पहिलं फार कोरडं झालं. दुसऱ्यात मी उगाच स्वतःबद्दल लिहीत बसलो. तिसऱ्यात 'कळावे'पर्यंत आलो आणि वाटलं, या मुलीला मी नक्की काय कळवलं? असे अर्धवट कागद मी वाचत असलेल्या पुस्तकांत खुणेला घालून ठेवतो. आता आमच्या घरात कुठलंही पुस्तक उघडलं, की त्यातून 'चि. लविना हिस' असं बाहेर पडतं.

तिचं मागणं तसं साधं होतं. इनास आल्मेडा हे तिचे आजोबा. जानेवारीत वेंगुर्ल्याच्या घरी तिचं लग्न आहे, आणि त्या दिवशी पाहुण्यांना आजोबांचं ते रम घातलेलं पेय द्यायचं तिच्या मनात आहे. 'ते करून पाहिलेला माणूस आता तुमच्याखेरीज कुणी उरला नाही, असं बाबा म्हणतात. तुम्ही येऊन कराल का?' असं तिनं लिहिलं होतं. खाली आणखी एक विनंती होती. पत्र घडी घालून ठेवलं ते त्या दुसऱ्या विनंतीमुळे. तिच्याकडे मी येईनच. आधी इनासमामा.

मी तेव्हा तिशीच्या आत होतो आणि वेंगुर्ल्याच्या वाचनालयात कामाला होतो. एका दुपारी, वाचनालयात चिटपाखरू नसताना, इनासमामा आत आले. त्यांनी आयुष्यात एक पुस्तक घरी नेलं नव्हतं. रोज पेपर वाचायला मात्र यायचे. त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे त्यांचा पेपर लांबूनही ऐकू यायचा. त्या दिवशी ते पेपराकडे न जाता थेट माझ्या टेबलाशी आले.

"लायब्ररी," ते म्हणाले. माझं नाव केळुस्कर, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. "दारूचा पुस्तक आसा?"

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "कसलं?"

"दारूचा. पिवचा न्हय, करूचा."

कपाटं धुंडाळल्यावर एकच हाती लागलं. घरच्या घरी आसवं आणि अरिष्टं कशी करावीत, यावरचं. मी ते उघडून त्यांच्यासमोर धरलं. "यात द्राक्षासव आहे. भूक लागते, असं लिहिलंय."

"मेल्या, माका भूक लागाक नको. माका तान भागवची आसा. तीय माझी न्हय, रुजायची."

रुजायमामी म्हणजे त्यांची बायको. ताठ कण्याची, कमी बोलणारी बाई. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या. त्यांच्या घरात काजूची, माडाची सोडाच, औषधाला म्हणूनसुद्धा दारू येत नसे, हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

इनासमामांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. वाचनालयात आम्ही दोघंच होतो, तरीही.

"बोटीर मी काय होतंय?"

"कारकून," मी म्हणालो. सगळे तेच म्हणायचे.

"ता रुजायक सांगितलेला. मी बारमन होतंय. तीस वर्सां, आफ्रिकेच्या लाईनीर. काउंटराच्या मागे उभो ऱ्हवान सायबांका, मडमांका ग्लास भरून दिलंय." त्यांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "रुजायचो बापूस दारवेन गेलो, लायब्ररी. सोयरीक इली तेवा तिना एकच विचारल्यान, झील दारवेपासून लांब आसा मां? माझी मावशी म्हणाली, तो बोटीर कारकून आसा. झाला. मगे मी कारकूनच ऱ्हवलंय."

"इतकी वर्षं?"

"फुडल्या म्हयन्यात पन्नास वर्सां. सोनेरी जुबिली. अंगणात मांडव घालतंव." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते हात टेबलावरही स्वस्थ राहीनात. "डॉक्टर म्हणता, वर्सभरान चमचो धरूक येवचो नाय. त्याच्या आदी माका तिका एक ग्लास देवचो आसा. सगळ्या जगाक दिलंय. घरच्या बायलेक नाय."

"आणि खरं सांगणार?"

"पयलो पिवांदे. मगे सांगतलंय. बोटीवरला सरबत म्हणान देतलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माप माझा. हात तुझे."

मी लगेच माझ्या हातांची सगळी गाऱ्हाणी सांगितली. मला चहासुद्धा धड जमत नाही, दारू मी कधी चाखलेली नाही, माझ्या हातून काच फुटते.

"तेच बरा. चाखणारो माणूस करता करता संपयता."

"पण मीच का?"

"तू कोणाक सांगाचंस नाय. तुका बोलूकच येणा नाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण हे इतकं खरं होतं, की मी हो म्हटलं.

शिकवणी माझ्या भाड्याच्या खोलीत चालायची. रमऐवजी पाणी, अननसाऐवजी पाणी, नारळाच्या दुधाऐवजीही पाणीच. मामा खाटेवर बसून हुकूम सोडायचे. कृती अशी: काळी रम, पिकलेल्या अननसाचा गाळलेला रस, नारळाचं पहिलं दाट दूध, थोडा साखरेचा पाक, लिंबू. हे सगळं फोडलेल्या बर्फावर ओतून, झाकण लावून, हाताला कळ लागेपर्यंत हलवायचं आणि वरून जायफळ किसायचं. दुसरं, पाणीदार दूध चालायचं नाही. त्याची सोलकढी करा, म्हणायचे. मला वाटलं होतं, मापाला काहीतरी पेला असेल.

"पेलो नवशिक्यांका," मामा म्हणाले. "बार भरलो काय पेले मोजूक वेळ खंयचो? मी प्रार्थना म्हणा. सायबिणीची प्रार्थना अर्धी म्हणासर रम. पुरी म्हणासर अननस. आमेन म्हणासर लिंबू."

"मला मेरीमातेची प्रार्थना येत नाही."

"मगे तुझी खंयची येता?"

मला संध्याकाळी दिव्याजवळ म्हणायचा श्लोक येत होता. मामांनी तो दोनदा म्हणून घेतला, डोळे मिटून त्याची लांबी जोखली आणि निकाल दिला. रमला पहिली ओळ, अननसाला दोन, नारळाच्या दुधाला पुन्हा पहिली, लिंबाला फक्त शेवटचा शब्द. मला ते जरा अवघड वाटलं. लहानपणी आईनं हात जोडायला लावून शिकवलेला श्लोक मी रम ओतायला वापरतो आहे, हे देवाला कसं वाटेल, असं मी मामांना विचारलं.

"देवाक माप बरोबर आवडता," ते म्हणाले. "घाई करू नको. श्लोक धावडवलंस तर रम कमी पडतली."

हलवायचं भांडं हा वेगळाच प्रश्न होता. मी म्हणालो, "बोटीवर यासाठी काही खास भांडं असेल ना?"

"शेकर. आसा मां. चांदयेचो दिसता, तसो. शेवटच्या दिवसा कप्तानान बक्षीस दिल्यान."

"मग तोच आणा की."

"तो सायबिणीच्या फुडे आसा." मामा खजील होऊन म्हणाले. "घराक हाडलंय आणि रुजायन विचारल्यान, ह्या काय? मी म्हटलंय, फुलदाणी. तिना सोनटक्क्याची फुला घालून अल्तारार ठेवल्यान. आता थयसून काडूचो कसो?"

"आणि झाकण?"

"ता खंय गेला देव जाणा."

शेवटी आम्ही माझा दुधाचा कडीचा डबा मुक्रर केला. झाकण घट्ट बसायचं आणि हलवताना कडी वाजायची. मामांना तो आवाज सहन व्हायचा नाही. "बोटीर असो आवाज इलो आसतो तर सगळे लाईफबोटीकडे धावले आसते," ते म्हणायचे.

जुबिलीच्या दिवशी बर्फ आणायचं काम माझ्याकडे होतं. त्या काळी आमच्याकडे बर्फ मिळायचा तो बंदरावर, मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात. मी सायकलच्या कॅरिअरला लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी बांधून आणली, विहिरीवर सात-आठ वेळा धुतली आणि दर वेळी वास घेतला. सातव्या वेळी माझं नाकच बधिर झालं, तेव्हा वास गेला असं मी ठरवलं.

आल्मेडांच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव होता. सत्तर-ऐंशी माणसं, त्यांत निम्मी वाडीतली आमची हिंदू मंडळी. मी मागच्या पडवीत पाटावर बसलो. पुढे अननसाच्या रसाची कळशी, नारळाच्या दुधाचं पातेलं, लिंबं आणि चादरीत झाकलेल्या रमच्या बाटल्या. मामांचा एक भाचा नौदलातून निवृत्त झाला होता, त्याच्या कॅन्टीनच्या. बर्फ पोत्यात घालून मुसळानं फोडला. मामा उंबऱ्यात उभे राहून राखण करत होते, पण त्यांचं सगळं लक्ष माझ्या हातांकडे होतं.

मी श्लोक पुटपुटत रम ओतली. रस ओतला. दूध ओतलं. पहिला डबा हलवला आणि एका पेल्यात ओतला. फिकट पिवळा, वर पांढरा फेस. मामांनी पेला दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. तो इतका हलत होता, की थोडं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

"कसं?" मी विचारलं.

त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, बिघडलं.

"मोंबासा," ते म्हणाले. एवढंच. आणि पेला संपवला.

तेवढ्यात रुजायमामी स्वयंपाकघरातून पडवीत आल्या. जरीची साडी, गळ्यात क्रूस. मी हातात डबा धरून जागच्या जागी थिजलो, तोंडात श्लोक अर्धा.

"ह्यो लायब्ररी सरबत करता काय पूजा सांगता?" त्या म्हणाल्या.

"बोटीवरला सरबत गो," मामा घाईनं म्हणाले. "तेका मंत्र लागता."

"लागात," रुजायमामी म्हणाल्या. चादरीखालच्या बाटल्यांकडे त्यांनी पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही. "पोरांसाठी बाजूक काडा. त्यात मंत्र नको."

आणि त्या गेल्या. मामा माझ्याकडे बघायला लागले, मी मामांकडे. पण विचार करायला वेळ नव्हता. मी पोरांसाठी नुसत्या अननसाचं बाजूला काढलं आणि बाकीचे डब्यांवर डबे हलवले. हाताला कळ लागली, श्लोक इतक्या वेळा म्हटला, की तो मला अजून त्या गंधासकट आठवतो.

ग्लास वाटून झाले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ख्रिस्ती घरात अशा दिवशी टोस्ट उठवायची पद्धत आहे. कुणीतरी जाणता माणूस उभा राहून जोडप्याबद्दल चार चांगले शब्द बोलतो. मग सगळे ग्लास उंचावतात आणि पितात. टोस्ट उठल्याशिवाय कुणी ग्लास ओठाला लावत नाही. आमच्याकडचे टोस्ट बेनेदित मास्तर उठवायचे. चर्चच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांचा टोस्ट अर्धा तास चालायचा आणि त्यातल्या इंग्रजी शब्दांची चर्चा पुढे आठवडाभर व्हायची.

मांडवात सगळे उभे राहिले. रुजायमामींच्या हातात मी केलेला ग्लास होता. त्यांनी तो समोरच्या टेबलावर ठेवला आणि हात जोडून वाट बघायला लागल्या. इनासमामा त्यांच्या शेजारी. त्यांची नजर त्या ग्लासावरून हलत नव्हती.

बेनेदित मास्तर उभे राहिले, खाकरले आणि त्यांच्या तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा खाकरले. पुन्हा हवा. गेले दोन दिवस ते संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून टोस्टची तालीम करत होते, असं नंतर कळलं. लाटांवर आवाज चढवता चढवता घसा पार बसला होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पडवीच्या तोंडाशी मी उभा होतो. वाचता येणारा माणूस म्हणून त्यांनी चार कागद माझ्या हातात कोंबले.

"वाच," ते कुजबुजले.

अक्षर इंग्रजी होतं, एवढं मला कळलं. बाकी लाल शाईच्या अधोरेखांनी गिळलं होतं. मी पहिली ओळ वाचायचा प्रयत्न केला, दुसरी, तिसरी. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. ग्लासांतला बर्फ विरघळत होता, फेस बसायला लागला होता. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे मला तशी वाटली. कदाचित ती नुसतीच हलली असेल.

चारचौघांत बोललेलं मी आयुष्यात फार ऐकलं नव्हतं. एकच बोलणं मला पाठ होतं. माझे वडील केळूसच्या देवळात दर वर्षी गाऱ्हाणं घालायचे. देवाला मोठ्यानं सांगायचं, काय झालं, काय व्हायला हवं, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी कागद खिशात घातले, डोळे मिटले आणि माझ्या तोंडून वडिलांचा आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा!"

मग स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा!" आणि पाठोपाठ मांडवभर तेच उठलं, ख्रिस्ती आणि हिंदू एकाच सुरात. गाऱ्हाणं सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेलं.

"सायबिणी माये, तूय आयक! आज ह्या आल्मेडांच्या अंगणात तुझी सगळी लेकरां जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पन्नास वर्सां ह्या दोघांनी एका चुलीचा खाल्ल्यानी, एकामेकांचा सोसल्यानी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बेनेदित मास्तरांचो आवाज खंय गेलो आसात थयसून परत हाडून दी, म्हाराजा!"

हसण्याचा असा लोट आला, की मला डोळे उघडायची भीती वाटली. पण त्या हसण्यानं माझ्या अंगात काहीतरी संचारलं. मला बोलता येत होतं. मी बोलत होतो.

"ह्या इनासान तीस वर्सां बोटीर काउंटराच्या मागे उभो ऱ्हवान देशोदेशीच्या लोकांका दारवेचे ग्लास भरून दिल्यान, तेंची तान भागवल्यान, पण घरच्या अस्तुरेक..."

तिथं माझी जीभ थांबली. मी डोळे उघडले.

इनासमामांच्या हातातला ग्लास बशीवर किणकिणत होता, तेवढाच आवाज. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्या जगात त्यांनी हे फक्त मला सांगितलं होतं, कारण मला बोलता येत नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं.

आणि मग, ठणठणीत, बेनेदित मास्तरांच्या ऐन जोरातल्या आवाजाहून मोठ्यानं, रुजायमामी म्हणाल्या,

"व्हय म्हाराजा!"

पाठोपाठ अख्खा मांडव. "व्हय म्हाराजा!" आधीच्यापेक्षा दुप्पट.

मामा गर्रकन वळले. "तुमका सगळ्यांका म्हायत होता?"

"सगळ्या गावाक," बेनेदित मास्तर कुजबुजले. त्या शांततेत ते कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू आलं.

"तुकाय?" मामांनी बायकोला विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्सा," रुजायमामी म्हणाल्या. "कारकुनाच्या शर्टाक लिंबाचो वास कसो येयत? लायब्ररी, पुरा कर आता. बर्फ इतळता."

मी काय म्हणालो ते मला नीट आठवत नाही. त्याच्या हातचा ग्लास हिच्या ओठाला गोड लागूदे, अशा अर्थाचं काहीतरी. 'व्हय म्हाराजा' झालं आणि सगळ्यांनी ग्लास उचलले, पण कुणी प्यालं नाही. सगळे रुजायमामींकडे बघत होते.

त्यांनी ग्लास उचलला. घेतला एक घोट. थांबल्या. आणखी एक घेतला, मोठा. जिभेनं वरच्या ओठावरचा फेस टिपला.

"बर्फाक बांगड्याचो वास येता," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"पण बाकीचा बरा आसा." आणि त्यांनी तो ग्लास तळापर्यंत संपवला. मांडवात असा जल्लोष झाला, की माडावरचे कावळे उडाले. पेले रिकामे व्हायला लागले, कुणीतरी व्हायोलिन काढलं. या गोंधळात त्या मामांना म्हणाल्या, "ह्यो कोणाच्या हातचो? लायब्ररीच्या?"

"माप माझा, हात तेचे," मामा म्हणाले.

"माका तुझ्या हातचो व्हयो."

त्या घरात गेल्या. मी पाठीमागून पाहिलं. त्यांनी अल्तारासमोर, मेरीमातेच्या देव्हाऱ्यासमोर उभं राहून क्रूसाची खूण केली, सोनटक्क्याची फुलं काढून एका पेल्यात ठेवली आणि शेकर विहिरीवर नेऊन राखेनं घासला. मग आतल्या ट्रंकेतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ते झाकण होतं. चकचकीत, जसं काल बोटीवरून उतरलेलं.

"फुलदाणीक झाकण कित्या लागता," त्या म्हणाल्या, "ता माका तेवाच विचारूचा होता."

"मगे विचारलंस कित्या नाय?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघलंय."

"इतकी वर्सां?"

"बोटीवरल्या माणसाक घराक येवक उशीर लागता." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "माझो बापूस रोज पियान येय. तू दर वेळाक शुद्धीत इलंस. माका तेवढाच व्हया होता, इनास. कारकून असो नायतर बारमन असो."

बोलता न येणारा म्हणून गावात मीच ओळखला जायचो, पण त्या क्षणी मामा आणि मी बरोबरीचे होतो.

दुसरा ग्लास असा झाला. ओतलं मी, पण या वेळी प्रार्थना रुजायमामींनी म्हटली, त्यांची, मोठ्यानं. अर्ध्यावर मामा म्हणाले, "बस." रम बरोबर निम्म्यावर थांबली. पुरी झाली आणि अननस थांबला. आमेनला लिंबू. मी झाकण लावून शेकर मामांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला मात्र, आणि आतला बर्फ आपोआप वाजायला लागला. हात थरथरत होते, ते थरथरतच राहिले, आणि शेकर त्यांच्याबरोबर एका लयीत किणकिणत राहिला, माझ्या डब्यासारखा खडखडला नाही.

रुजायमामींनी त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले, थांबवायला.

"थांबव नको गो," मामा म्हणाले. "ह्या एकाच कामाक ते अजून येतत."

मग दोघंही तो हलवत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. बर्फाचं पाणी झालं असेल. त्याची चव त्यांना कशी लागली, ते मी विचारलं नाही.

लविनाची दुसरी विनंती ही होती. 'आजी सांगायची, त्या दिवशी तुम्ही टोस्ट उठवला नाही, गाऱ्हाणं घातलं. माझ्या लग्नातही टोस्ट नको. तुम्ही याल का गाऱ्हाणं घालायला?'

त्या दिवसानंतर मी चारचौघांत कधी बोललो नाही. तेव्हाही बोललो असं मला म्हणवत नाही, ते वडिलांचं बोलणं होतं आणि त्यात मी गफलत केली होती. शिवाय मी आता सत्तरीचा आहे. आवाज बारीक झालाय. आणि गेल्या दोन वर्षांपासून माझे हात थरथरतात. पुस्तकाचं पान उलटताना ते मलाच ऐकू येतं. म्हणूनही पत्राची उत्तरं इतक्या वेळा अर्धवट राहिली. अक्षर मलाच लागत नव्हतं.

हे सगळं मी काल प्रमिलेला सांगितलं. ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "तुमचे हात हलतात. पाय नाहीत. पोस्ट चौकात आहे."

मी एक कार्ड घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. बसलो असतो तर विचार केला असता.

'चि. लविना हिस अनेक आशीर्वाद. येतो. माप मला पाठ आहे. माझे हात हल्ली हलतात, शेकरला ते चालतील. ओतायला तुझे लागतील. बर्फ मात्र बंदरावरून आणू नये. गाऱ्हाण्याचं म्हणशील, तर व्हय म्हाराजा.'

चौकातल्या पेटीशी गेलो. कार्ड फटीत धरलं आणि नेहमीसारखा विचार आला, 'अनेक आशीर्वाद' हे जरा औपचारिक झालं का, परत नेऊन बदलावं का. तेवढ्यात हात थरथरला आणि कार्ड आपसूक आत पडलं.